पारव्यांशिवाय कुणी येईना? दाणा-पाणी ठेवूनही अंगणात पक्षी का टिकत नाहीत

मार्च लागला की मराठवाड्यात गल्लोगल्ली पाखरांसाठी पाणी ठेवलं जातं. कुणी मातीचं पसरट भांडं आणतं, कुणी तेलाचा डबा कापून टांगतं, कुणी गच्चीच्या कठड्यावर मूठभर ज्वारी पसरतं. आणि एप्रिल निम्मा सरला की तीच तक्रार कानावर येते, "काकू, रोज दाणे टाकायलोय, पाणी ठेवायलोय, पण पारव्याबिगर कुणी येईना." काहींकडे आठ-पंधरा दिवस चिमण्या येतात आणि एकाएकी बंद होतात. काहींचं भांडं सकाळी भरलं तसंच संध्याकाळी असतं. पुढच्या उन्हाळ्यात नवं भांडं येतं आणि पुन्हा तेच.

परभणीत आमच्या भागातल्या बऱ्याच गच्च्या आणि अंगणं मी या कारणानं पाहिली आहेत. घरं निरनिराळी, पण अडचण फिरून फिरून त्याच ठिकाणी सापडते. दाणा गरजेपेक्षा जास्त असतो, पाणी खोल आणि उन्हात असतं, आणि जवळ बसायला एक फांदीसुद्धा नसते. मी ज्या क्रमानं तपासते त्याच क्रमानं खाली लिहिते आहे.

आधी बघा, तुम्ही बोलावताय कुणाला

ताटलीत ज्वारी-बाजरी ठेवली की कोण येणार? चिमणी, होला, पारवा, मुनिया, गाव-शिवार जवळ असेल तर सुगरण, आणि पोपटांचा थवा असेल तर पोपट. यादी जवळपास इथंच संपते. बुलबुल फळं आणि किडे खातो. दयाळ आणि चीरक जमिनीवरचे किडे वेचतात. शिंपी पानापानांतून अळ्या शोधतो. शिंजीर फुलांतला मध पितो आणि कोळी, बारीक किडे पकडतो. कोतवाल आणि वेडा राघू उडते किडे हवेतच टिपतात. सातभाई पाचोळा उलथून खातात. यातल्या एकालाही तुमच्या ज्वारीत रस नाही.

चिमणीचंही तसंच. ती स्वतः दाणे खाते, पण पिल्लांना सुरुवातीला अळ्या आणि मऊ किडेच भरवते. किडे नसलेल्या अंगणात चिमणी दाणे खायला येईल, संसार मात्र दुसरीकडे मांडेल. "येतात पण राहत नाहीत" या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा इथं असतं.

त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे. घरच्या बागेत दाण्याला शेवटचा क्रमांक द्या. पहिलं पाणी, दुसरा आडोसा, तिसरी झाडं, आणि मग वाटलंच तर थोडा दाणा. आपल्याकडे क्रम नेमका उलटा लागतो, कारण दाणा टाकणं सोपं आहे आणि ते पुण्याचं काम मानलं जातं. भावना चांगलीच आहे, पण उन्हाळ्याच्या काहिलीत पाखराचा जीव पाण्यासाठी जातो.

पारव्यांनी ताबा घेतला असेल तर

पारवा थव्यानं येतो, अंगानं मोठा असतो आणि एकदा जागा कळली की रोज त्याच वेळेला हजर होतो. तो बसला की चिमण्या कडेला सरकतात आणि काही दिवसांनी येणंच सोडतात. हाकलून उपयोग होत नाही. पाच मिनिटांत थवा परत येतो. उपाय एकच, दाणा पूर्ण बंद करायचा. दोन-तीन आठवडे एक दाणाही कठड्यावर दिसता कामा नये. पाणी मात्र चालू ठेवा. पहिले काही दिवस पारवे येऊन वाट पाहतील आणि हळूहळू दुसरी जागा धरतील. या काळात शेजारी दाणे टाकत असतील तर त्यांच्याशी बोलून घ्या, नाहीतर काही फरक पडणार नाही.

नंतर दाणा सुरू करायचा तर पसरून टाकू नका. ज्वारीची किंवा बाजरीची कणसं ओसरीला, ग्रीलला उलटी टांगा. चिमण्या आणि मुनिया कणसाला लटकून दाणा काढतात. पारव्याला तसं लटकता येत नाही. खेड्यात कणसांच्या जुड्या घराला टांगायची रीत आहेच, ती शहरातल्या बाल्कनीतही चालते. कणसं मिळत नसतील तर दाण्याच्या ताटलीवर दीड इंची चौकोनाची तारेची जाळी पिंजऱ्यासारखी बसवा. चिमणी आरपार जाते, पारवा आणि साळुंकी बाहेर राहतात. जाळी आणि ताटली यांच्यात चारही बाजूंनी वीतभर अंतर ठेवा, म्हणजे बाहेरून चोच पोचणार नाही.

एक मूठ दाणा पुरे. अर्ध्या-पाऊण तासात संपेल इतकाच ठेवायचा. खाली सांडलेला दाणा संध्याकाळी झाडून घ्या. राहिला तर रात्री उंदीर येतात, आणि आपल्याकडच्या मोकळ्या वस्त्यांत उंदरांच्या मागे साप येतो.

पारव्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ आणि पिसांचा भुगा सतत श्वासात गेला तर काही माणसांच्या फुप्फुसांना सूज येते आणि ती पुढं कायमची होऊ शकते. २०२५ साली मुंबईतल्या कबुतरखान्यांचा प्रश्न उच्च न्यायालयात गाजला तो याच कारणावरून. घरात दम्याचा माणूस किंवा म्हातारं माणूस असेल तर बाल्कनीत पारवे जमवू नका. विष्ठा साफ करताना आधी पाणी शिंपडून ओली करा, तोंडाला कापड बांधा, आणि कोरडी कधीच झाडू नका.

भांडं भरलेलं, तरी कुणी पीत नाही

इथं मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण एवढं नीट जमलं तर बाकीचं निम्मं आपोआप जमतं.

प्रथम खोली बघा. बादली, कापलेला डबा, खोल कुंडी, यातलं पाणी लहान पाखराला पिता येत नाही. ते काठावर बसून वाकतं, पाय घसरतो आणि बुडायची भीती असते. कडेला पाणी बोटाच्या एका पेरापेक्षा जास्त नको, मधोमध फार तर दोन इंच. कुंभाराकडचं पसरट, न चकाकणारं मातीचं भांडं सगळ्यात चांगलं. त्याचा तळ खरखरीत असल्यानं पाय टिकतो, आणि माती झिरपत असल्यानं पाणी थंड राहतं. चकचकीत चिनी मातीचं किंवा स्टीलचं भांडं असेल तर मध्ये एक-दोन खडबडीत दगड ठेवा, त्यांचा माथा पाण्याच्या वर यायला हवा. मधमाश्या आणि फुलपाखरंही त्याच दगडांवर बसून पाणी पितात.

दुसरी गोष्ट सावली. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ च्या घरात जातो. उघड्या स्लॅबवर दुपारी एकच्या सुमारास बोट बुडवून बघा, पाणी चांगलंच तापलेलं लागेल. पत्र्याचं भांडं तर काठाला हात लावू देत नाही. दुपारभर झाडाची किंवा भिंतीची सावली मिळेल अशी जागा शोधा. पश्चिमेची भिंत टाळा. ती संध्याकाळी सातपर्यंत तापलेली असते. पाखरांना घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकत ती अंगातली उष्णता बाहेर टाकतात आणि त्यात पाणी खर्च होतं. म्हणून सकाळी नऊपर्यंत आणि दुपारी चारनंतर भांडं ताज्या पाण्यानं भरलेलं असावं. ऐन दुपारी मात्र बहुतेक पक्षी कुठंतरी सावलीत गप्प बसलेले असतात. त्या वेळी भांड्यावर कुणी दिसलं नाही म्हणून जागा बदलू नका.

तिसरी गोष्ट जरा वेगळी आहे आणि फार कमी लोक ती करतात. उडत्या पाखराला स्थिर पाणी सहज दिसत नाही. टपटपणारं पाणी दिसतंही आणि ऐकूही जातं. श्रावणात पिंडीवर लावतात तशी गळती भांड्यावर लावा. मी औषधाच्या दुकानातून सलाईनची नवी, न वापरलेली नळी आणते. दोन लिटरच्या बाटलीचा तळ कापायचा, बाटली उलटी टांगायची, बुचाला भोक पाडून नळी घट्ट बसवायची आणि टोक भांड्याच्या वर वीतभर ठेवायचं. नळीवरच्या चाकानं तीन सेकंदांना एक थेंब पडेल असं लावायचं. अशा साध्या नळीचे साधारण २० थेंब म्हणजे १ मिलिलिटर, तेव्हा मिनिटाला १ मिलिलिटर आणि सकाळी सहापासून संध्याकाळी सहापर्यंत पाऊण लिटरच्या आत पाणी लागतं. नळाला आठ-आठ दिवस पाणी न येणाऱ्या गावातही एवढं परवडतं. रात्री चाक बंद करायचं. काठावरून जे ओघळतं ते वाया जाऊ नये म्हणून खाली कढीपत्त्याची किंवा जास्वंदीची कुंडी ठेवा.

ही गळती लावली की फरक बघण्यासारखा असतो. बुलबुल आधी वरच्या तारेवर येऊन बसतो, मान तिरपी करून थेंबाकडे बघतो. मग एका उडीत काठावर येतो. आधी पितो, मग छातीपर्यंत आत उतरतो, पंख फडफडवतो, आणि भिजल्यावर लगेच जवळच्या फांदीवर जाऊन एकेक पीस चोचीतून ओढत बसतो. शिंजीर तर भांड्यात उतरतच नाही. तो पडणाऱ्या थेंबाखाली किंवा ओल्या पानावर अंग घासून आंघोळ करतो. भांड्याशेजारी रुंद पानांची एखादी कुंडी ठेवून सकाळी तिच्यावर पाणी शिंपडा, म्हणजे त्याचीही सोय होते.

आता स्वच्छतेचं. पाणी रोज बदला आणि एक दिवसाआड भांडं काथ्यानं घासा. नुसतं पाणी ओतून नवं भरणं पुरत नाही. डेंग्यूचा डास पाण्याच्या रेषेवर, भांड्याच्या भिंतीला अंडी चिकटवतो आणि ती कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जिवंत राहतात. पाणी मिळालं की आठवडा-दहा दिवसांत त्यांचे डास होतात. घासल्यानं अंडी निघतात. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार फार असल्यानं काठावर पांढरा थर चढतो. तो चिंचेच्या कोळानं किंवा लिंबाच्या सालीनं काढा. साबण, फिनाईल नको.

घाणेरड्या भांड्यातून पाखरांमध्येही रोग पसरतात. होल्यांना आणि पारव्यांना घशाचा एक संसर्गजन्य आजार होतो आणि तो एकाच भांड्यातल्या दाण्या-पाण्यातून दुसऱ्याकडे जातो. पिसं फुगवून, डोळे अर्धे मिटून बसलेलं पाखरू भांड्यापाशी दिसलं तर आठवडाभर दाणा बंद ठेवा. भांडं उकळत्या पाण्यानं धुवा, कडक उन्हात वाळवा आणि मगच पुन्हा ठेवा.

पाणी प्यायला येतात, पण लगेच उडून जातात

मोकळ्या गच्चीच्या मधोमध भांडं ठेवलं असेल तर असंच होणार. शिक्रा हा शिकारी पक्षी वर घिरट्या घालतो हे पाखराला ठाऊक असतं. पळून लपायला चार-पाच हातांवर झुडूप किंवा फांदी हवी. पण मांजर दडून बसेल अशी दाट कुंडी भांड्याला चिकटून नको. ही दोन अंतरं एकदम सांभाळायची असतात: पाखराला उडून गाठता येईल इतकं जवळ आणि मांजराला एका झेपेत येता येणार नाही इतकं लांब. सहा-सात फूट ठीक जमतं.

मांजराचा वावर असेल तर भांडं गुळगुळीत पाईपावर पाच-साडेपाच फूट उंच ठेवा किंवा टांगा. नसेल तर एक भांडं जमिनीवरही ठेवा. सातभाई, होले आणि चीरक खालचंच भांडं पसंत करतात. गच्चीवर झाड नसेल तर बाभळीची किंवा बोरीची छाटलेली वाळकी फांदी जाड कुंडीत माती-दगडांनी घट्ट रोवून भांड्याजवळ उभी करा. एवढ्या एका फांदीनं माझ्या ओळखीच्या कितीतरी गच्च्यांवर पाखरं थांबायला लागली. उतरण्याआधी चहूकडे बघायला त्यांना अशी जागा लागतेच.

येत होते आणि एकाएकी बंद झाले

याची कारणं बरीच आहेत, सगळीच काळजीची नाहीत.

पाऊस पडून गेला असेल तर शिवारात डबकी, गवताचं बी, किडे, सगळं भरपूर असतं. जुलै ते ऑक्टोबर भांड्यावरची गर्दी कमी होणारच. ज्वारी निसवली की चिमण्या, मुनिया आणि सुगरणी शेताकडे जातात. काढणी होऊन रानं मोकळी पडली आणि ओढे आटले की त्या परत येतात. म्हणून भांडं उचलून ठेवू नका, फक्त पाणी कमी भरा.

शिक्रा दोन-तीन दिवस जवळपास बसत असेल तर लहान पाखरं दडून राहतात. तो गेला की येतात. त्याला दगड मारून हुसकू नका, त्यालाही पिल्लं पोसायची असतात.

तुम्ही गावाला गेलात आणि आठवडाभर भांडं कोरडं राहिलं, हे कारण मात्र आपल्या हातातलं आहे. पाखरं रोजच्या फेरीत ठरलेल्या जागा बघतात. दोन-चार वेळा कोरडं दिसलं की ती जागा फेरीतून वगळतात. ऐन मे महिन्यात लग्नाला, यात्रेला जायचं असेल तर किल्लीबरोबर भांड्याचंही काम शेजाऱ्यांना सांगून जा.

आता गंभीर कारण. पेरणी झाल्यावर उरलेलं बियाणं पाखरांना टाकणारे लोक मी पाहिले आहेत. पिशवीतल्या बियाण्याला गुलाबी, लाल किंवा हिरव्या रंगाबरोबर बुरशीनाशक आणि कीटकनाशक चोळलेलं असतं. ते दाणे पाखराला मारतात, आणि धुऊनही सुरक्षित होत नाहीत. तसंच किडू नये म्हणून पावडर लावलेलं किंवा गोळ्या ठेवलेलं कोठीतलं धान्य. "माणसाला चालत नाही म्हणून पाखराला" असं धान्य कधीच टाकू नका. पाखराचं वजन चिमूटभर असतं, त्याला विष थोडंही पुरतं. उंदरांच्या औषधानं मेलेला किंवा झिंगलेला उंदीर पिंगळ्यानं, म्हणजे लहान घुबडानं, खाल्ला तर पिंगळाही जातो. बागेत गुलाबावर, भाजीवर फवारणी सुरू केली असेल तर शिंपी, दयाळ, बुलबुल तिथून हटतात, कारण त्यांचं ताटच तुम्ही रिकामं केलेलं असतं. मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारी बारीक कीड, दिसला तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुवा आणि काही दिवस वाट बघा; पाखरं त्यातला बराच वाटा खातात.

फरसाण, शेव, बिस्किटं, खारा भात हे पाखरांचं अन्न नाही. बिनमिठाची शिळी भाकरी चुरून चिमूटभर टाकली तर चालते, पण उन्हात ती लवकर आंबते, म्हणून तासाभरात उचला.

झाडं: आपल्या जमिनीत आणि आपल्या पाण्यात येणारी

शोभेची झाडं आणि हिरवळ यांत पाखराला जवळजवळ काही मिळत नाही आणि पाणी मात्र सगळं तेच पितात. आपल्याला कमी पाण्यावर जगणारी, फळ, फूल, किडा आणि आडोसा देणारी झाडं हवीत.

एकच झाड लावायची जागा असेल तर शेवगा लावा. काळ्या जमिनीत पाणी साचू न देता लावला की वर्षभरात फुलतो, आणि फुलांवर शिंजीर, मधमाश्या दिवसभर असतात. पावसाळ्यात खोडावर केसाळ अळ्यांचा पुंजका बसतो तेव्हा लोक पेटता बोळा किंवा औषध घेऊन धावतात. दाराजवळच्या तेवढ्या काढा, वरच्या राहू द्या. कोकीळकुळातले पक्षी केसाळ अळ्या आवडीनं खातात. पावसाबरोबर येणारा चातक त्यातलाच.

कढीपत्ता सगळ्यांकडे असतो, पण आपण सतत छाटतो म्हणून त्याला फळं धरत नाहीत. एक फांदी तरी मोकळी सोडा. काळी फळं पिकली की बुलबुल आणि कोकिळा त्यावर हमखास येतात. तुतीचंही तसंच. मेंदीचं कुंपण आणि कागदी लिंबाचं झुडूप घरट्यांसाठी उत्तम, काट्यांमुळे मांजर आत शिरत नाही. जास्वंद, अडुळसा, कर्दळ आणि डाळिंब शिंजीरासाठी. घाणेरीची फुलं त्याला आवडत असली तरी ती लावू नका. ते परदेशी झुडूप आहे आणि आपली माळरानं त्यानं आधीच व्यापली आहेत.

दारात जुना कडुलिंब असेल तर तो जपा. ज्येष्ठ-आषाढात लिंबोळ्या पिकल्या की बुलबुल, साळुंक्या, भांगपाडी मैना, कोकीळ सगळे एका झाडावर दिसतात. फ्लॅटमध्ये असाल तर मोठ्या कुंडीत कढीपत्ता, जास्वंद आणि अडुळसा सहज येतात. तेवढ्यावरही शिंजीर आणि शिंपी यायला लागतात.

पाचोळा झाडून जाळायची सवय सोडायला हवी. झाडाच्या बुडाशी चार बोटं पाचोळा राहू दिला की त्यात किडे होतात आणि दयाळ, चीरक, सातभाई रोज तिथं उकरायला येतात. हिवाळ्यात उत्तरेकडून आलेला थिरथिरा अशाच जागी उतरतो. शेपटी थरथरवत तो कुंपणाच्या खांबावर बसलेला ओळखू येतो. ऑक्टोबरच्या सुमारास येतो आणि उन्हं तापायला लागली की परत जातो. त्याला दाणा लागत नाही, त्याच्यासाठी पाचोळा हेच आमंत्रण.

कोळिष्टकांबद्दलही सांगायला हवं. घराबाहेरची, ओसरीच्या कोपऱ्यातली सगळी जाळी दिवाळी-पाडव्याला पुसून काढू नका. शिंजीराची मादी एकटीच घरटं बांधते आणि तिचा सगळा बांधा कोळ्याच्या जाळ्यावर उभा असतो. वायरीला किंवा लोंबत्या डहाळीला ती जाळ्याचे धागे गुंडाळते, त्यात सालीचे तुकडे, वाळकं पान, किड्यांची विष्ठा अडकवत लांबट पिशवी करते. बाजूला दार, दारावर छपरीसारखी छोटी झालर, आत म्हाताऱ्यांचा, म्हणजे हवेत उडणाऱ्या बियांचा, मऊ कापूस. लांबून बघणाऱ्याला तो नुसता अडकलेला कचरा वाटतो, आणि म्हणूनच साफसफाईत ही घरटी जातात. वायरीवर असा लांबट कचरा लोंबताना दिसला तर आधी पाच मिनिटं दुरून बघा, मग हात लावा. शिंपी पानांच्या कडांना चोचीनं भोकं पाडून कापसाचे आणि जाळ्याचे धागे ओवतो. प्रत्येक भोकाबाहेर धाग्याचा बारीक फुगवटा राहतो, म्हणून तो सुटत नाही. आपल्याकडे कापूस शिवारात आहेच, एक बोंड कुंपणाला अडकवून ठेवा.

लाकडी घरटं लावलं, पण रिकामंच

माळवदाच्या घरांत तुळया-सरांच्या फटींत चिमण्यांना आयती जागा मिळायची. स्लॅबच्या घरात फटच नाही, म्हणून घरटं लावणं योग्यच. भोक ३२ मिलिमीटरचं ठेवा, म्हणजे साळुंकी आत शिरत नाही. भोकाखाली बसायला दांडी लावू नका. चिमणीला तिची गरज नसते, शत्रूला मात्र सोय होते. उंची आठ ते बारा फूट, तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला, वर छज्जा. प्लायवूड किंवा साधं लाकूड घ्या. पत्रा आणि प्लास्टिक मे महिन्यात भट्टी होतात आणि पिल्लं आतच दगावतात. घरटं भिंतीला घट्ट बसवा, वाऱ्यानं हलणाऱ्यात चिमणी अंडी घालत नाही. चिमण्या वस्ती करून राहतात, म्हणून एकाऐवजी दोन-तीन घरटी थोड्या अंतरानं लावा. जानेवारी-फेब्रुवारीत लावलेलं घरटं त्याच उन्हाळ्यात भरू शकतं. २० मार्चच्या चिमणी दिनाला लावलेल्याला बऱ्याचदा पुढच्या हंगामाची वाट बघावी लागते. खोलीत घरटं करू देऊ नका, तिथं पंखा जीव घेतो. खोलीत काडी-कचऱ्याची खटपट सुरू झाली की बाहेर लाकडी घरटं लावा.

आरशावर, काचेवर चोची मारणं

मार्च ते जुलै दयाळ, शिंजीर असे पक्षी मोटारसायकलच्या आरशातल्या आपल्याच प्रतिबिंबाला दुसरा नर समजून भांडतात. आरशावर जुना मोजा चढवा. खिडकीच्या काचेवर बाहेरून जुनी ओढणी लावा किंवा दोन-दोन इंचांवर ठिपके काढा. आतून पडदा लावून उपयोग नाही, प्रतिबिंब बाहेरच्या बाजूला पडतं.

पिल्लू खाली पडलंय

पाखरं रमायला लागली की हा प्रश्न दर उन्हाळ्यात येतोच. अंगावर पिसं आलेली, शेपूट आखूड आणि उड्या मारत चालणारं पिल्लू असेल तर ते पडलेलं नाही, उडायला शिकतंय. आई-बाप जवळच असतात. कुत्रं-मांजर आवरा, पिल्लाला जवळच्या झुडपात ठेवा आणि लांब व्हा. पिसं न फुटलेलं असेल आणि घरटं दिसत असेल तर हातानं उचलून परत ठेवा. माणसाच्या वासानं आई टाकून देते हे खरं नाही. घरटंच मोडलं असेल तर छोट्या करंडीत गवत घालून ती त्याच जागी बांधा आणि तास-दोन तास दुरून लक्ष ठेवा, बहुतेक वेळा आई तिथंच भरवायला लागते. चोचीत पाणी किंवा दूध ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. जखमी पाखरू असेल तर भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात आणि सावलीत ठेवा आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. पोपटाचं पिल्लू असलं तरी पिंजऱ्यात ठेवून घेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो गुन्हा आहे.